डिस्क घरात आहे, पण गेम? सदाशिव पेठेच्या वाटेवरची वि. का. राजवाड्यांची गोष्ट

घरात जुना, टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम पडून असेल तर एक प्रयोग करून बघा. कॅसेट काढा, फुंकर मारा, खाचेत बसवा. वायफाय लागत नाही, अकाउंट लागत नाही. लहानपणी मारिओ जिथून पळायला लागायचा, तिथूनच आजही पळेल. कारण अख्खा गेम त्या प्लॅस्टिकच्या डबीतच आहे.

आता आजचं बघा. निन्टेन्डो स्विच २ हा कन्सोल २०२५ मध्ये आला. त्याच्या काही गेमच्या खोक्यात ‘गेम-की कार्ड’ असतं. म्हणजे कार्डात गेम नाही, तो इंटरनेटवरून उतरवून घ्यायची परवानगी आहे. सगळ्याच डिस्क अशा नसतात हेही खरं. कित्येक डिस्कमध्ये पूर्ण गेम असतो, पण तो डिस्क छापली त्या दिवशीचा. नंतरच्या दुरुस्त्या पुन्हा नेटवरूनच. आणि युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’चं उदाहरण तर गेमर लोक विसरणार नाहीत. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेली डिस्क चहाचा कप ठेवण्यापुरती उरली.

वस्तू आपल्याकडे, पण ती वापरता येईल की नाही हे दुसऱ्या कुणाच्या हातात. या दुखण्यापायी आयुष्य झिजवलेला एक माणूस पुण्यात होऊन गेला. फक्त त्याचा जीव गेममध्ये नाही, मोडी कागदांत अडकला होता. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे.

जन्म १८६३ चा, रायगड जिल्ह्यातल्या वरसईचा. वडील लवकर गेले, शिक्षण पुण्यात झालं. काही काळ शिक्षकाची नोकरी केली, पण तिथे मन रमलं नाही. मग ‘भाषांतर’ नावाचं मासिक काढलं आणि प्लेटोचा ‘रिपब्लिक’ मराठीत आणायला घेतला. पत्नीच्या निधनानंतर पुन्हा लग्न केलं नाही. इथपर्यंतचे राजवाडे म्हणजे त्या काळातले अनेक हुशार, तिरसट पदवीधर होते तसे एक.

गाडीने वळण घेतलं ते वाईला. तिथे पानिपतच्या काळातली अस्सल पत्रं त्यांच्या हाती लागली. १७५० ते १७६१ या वर्षांतली ही पत्रं त्यांनी १८९८ मध्ये छापली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा हा पहिला खंड. तोवर मराठ्यांचा इतिहास म्हटलं की ग्रँट डफचं पुस्तक उघडायचं, अशी पद्धत होती. राजवाड्यांनी प्रस्तावनेत डफच्या चुका काढल्या. त्या काढता आल्या, कारण समोर मूळ कागद होता.

पुढे त्यांनी पायाला भिंगरी लावली. जुन्या वाड्यांत आणि मठांत जायचं, दप्तरं उघडायला मालकांना तयार करायचं. राहणी साधी, स्वयंपाक स्वतःचा स्वतः. सरकारी मदत घ्यायची नाही आणि लिहायचं ते मराठीतच. कागदांचे शत्रू तीन: वाळवी, पावसाचं पाणी आणि रद्दीवाला. माळ्यावर रुमालात बांधलेला गठ्ठा मालकाला अडगळ वाटायचा, आणि तो देशाचा इतिहास आहे हे पटवायला गेलं तर मालकाला भलताच संशय यायचा. राजवाड्यांचा स्वभावही गोडबोल्या नव्हता, त्यामुळे हे कसं जमवलं असेल याचं मला नवलच वाटतं. पण ‘साधनां’चे बावीस खंड झाले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. राजवाड्यांनी नुसते कागद गोळा केले नाहीत. मोडीतला मजकूर बाळबोधीत उतरवून, जसा आहे तसा छापला. गेमच्या भाषेत सांगायचं तर मोडी वाचणारा माणूस म्हणजे कन्सोल. कॅसेट शाबूत असून कन्सोलच मिळत नसेल तर काय उपयोग? पुढे विसाव्या शतकात मोडी शाळांतून गेली आणि आज बहुतेकांना पणजोबांची सही वाचता येत नाही. राजवाड्यांनी छापलेली पत्रं मात्र कुणीही वाचू शकतो.

पण नुसती नक्कलही पुरत नाही, याचा दाखलाही त्यांच्याच आयुष्यात आहे. बीडजवळच्या पाटांगण इथे मिळालेल्या पोथीवरून त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापली. ही सगळ्यांत जुनी भाषा जपणारी प्रत, असं त्यांचं मत होतं. ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही. छापील पुस्तक हातात आहे, पण अभ्यासकांना शंका आली तर ताडून बघायला पोथी नाही. मूळ आणि नक्कल, दोन्ही लागतात.

७ जुलै १९१० ला सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्यासोबत राजवाड्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. कागद एका माणसाच्या घरी राहिले तर त्या माणसाबरोबर जातात, संस्थेत राहिले तर टिकायची शक्यता वाढते. पुढे याच मंडळाशी राजवाड्यांचे मतभेद झाले आणि त्यांनी धुळ्याची वाट धरली. कामाचा वेग तरी कमी झाला नाही. ‘राधामाधवविलासचंपू’ आणि ‘महिकावतीची बखर’ या शेवटच्या वर्षांतल्याच. ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच ते गेले. त्यांचं दप्तर सांभाळायला तिथे पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं.

गेमचं काय? भारतात १९५४ च्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना द्यावी लागते. त्यातलं एक मुंबईत आहे. व्हिडिओ गेम त्या कायद्यात बसत नाही. अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा २०१० च्या आधी तिथे आलेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात मिळतच नव्हते. म्हणजे जुन्या कॅसेट जपणारे हौशी लोक हाच काय तो आधार. पुढचे गेम तर त्यांनाही जपता येणार नाहीत, कारण खोक्यात गेमच नसेल.

भरत नाट्य मंदिराच्या बाजूला, सदाशिव पेठेत मंडळाची इमारत आजही आहे. लाखो कागद तिथे आहेत आणि मोडी शिकवायचे वर्गही चालतात. पानिपतच्या आधी लिहिलेलं पत्र उघडायला तिथे कुणाचा सर्व्हर चालू असावा लागत नाही.