पंचविसाव्या वर्षी फासावर गेलेला जमीनदार

भद्रावती - नागपूरहून निघालेला रस्ता भद्रावती ओलांडून सुमारे पंचवीस किलोमीटरवर चंद्रपूरला पोहोचतो. तेथील कारागृहाच्या आवारात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी एका तरुण गोंड जमीनदाराला पिंपळाच्या झाडावर फाशी देण्यात आले. बाबूराव पुलेश्वर शेडमाके हे त्यांचे नाव. उत्तरेत १८५७चा उठाव मावळत असताना चांद्याच्या अरण्यात त्यांनी इंग्रजी सत्तेला आव्हान दिले होते.

बाबूरावांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजी, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी परिसरात किष्टापूर येथे झाला. वडील पुलेश्वरबापू मोलमपल्लीचे जमीनदार, आई जुर्जाकुंवर. गोटुलात गोंडी संस्कार घेतलेल्या बाबूरावांना वडिलांनी इंग्रजी शिक्षणासाठी रायपूरला पाठविले. पुढे जमीनदारीच्या कारभारात लक्ष घालताना त्यांना परक्या सत्तेचा काच जवळून दिसला.

नागपूरचे तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने त्यांचे राज्य खालसा केले. त्याबरोबर चांदाही कंपनीच्या ताब्यात गेला. गोंड राजांचे राज्य बुडाल्यानंतरही दुर्गम भागातील जमीनदारांनी आपल्या मुलखावरील अधिकार जपले होते. आता त्यांच्यावर थेट इंग्रज अधिकाऱ्यांची हुकमत आली.

सप्टेंबर १८५७ मध्ये बाबूरावांनी गोंड, माडिया तरुणांसह सुमारे पाचशे जणांची सेना उभारली. ‘जंगोम दल’ या नावाने ती ओळखली जाते. ७ मार्च १८५८ रोजी त्यांनी राजगड परगणा जिंकला. चांद्याचे इंग्रज अधिकारी कॅप्टन क्रिक्टन यांनी तातडीने फौज पाठविली. पण १३ मार्चला नांदगाव-घोसरी येथे तिला माघार घ्यावी लागली. या विजयानंतर अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव बाबूरावांना येऊन मिळाले. गढीसुर्ला येथे टेकडीवरून दगड लोटून बंडखोरांनी इंग्रजी फौजेला रोखून धरले. वाटा, नाले आणि डोंगर ठाऊक असणे हेच त्यांचे मोठे शस्त्र होते.

२९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहिता नदीकाठी चिंचगुंडी येथे तारायंत्राच्या कामावरील छावणीवर हल्ला झाला. त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज कर्मचारी ठार झाले, तिसरा पीटर निसटून क्रिक्टनपर्यंत पोहोचला. या घटनेनंतर बाबूरावांना पकडणे हा इंग्रजांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न बनला.

जंगलात फौजेचा इलाज चालत नाही, हे क्रिक्टनला कळून चुकले होते. त्याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले. बाबूराव एकदा भोपालपट्टणम भागात पकडले गेले, पण निसटले. तोवर जूनमध्ये झाशीची राणी धारातीर्थी पडली होती, ग्वाल्हेर इंग्रजांकडे गेले होते; बाहेरून मदत येण्याची आशा उरली नव्हती. अखेर १८ सप्टेंबरला लक्ष्मीबाईंच्या माणसांनी बाबूरावांना पकडून इंग्रजांच्या हवाली केले. अवघ्या महिनाभरात खटला आणि फाशी उरकण्यात आली. अकरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा निघाला. त्यात बंडखोरांना माफी होती, मात्र इंग्रजांच्या हत्येत सहभाग असलेल्यांना ती नव्हती.

व्यंकटराव बस्तरकडे गेले. १८६० मध्ये तेही पकडले गेले व त्यांना जन्मठेप झाली. त्यांच्या जप्त जमीनदारीतील ६७ गावे लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली. बंदुकीने न जिंकलेला मुलूख इंग्रजांनी असा एका जमीनदारीला दुसरीविरुद्ध उभे करून जिंकला. बाबूरावांच्या पराभवाचे खरे कारण या हिशेबात आहे.

गोंड समाजाने मात्र हा पराभव मानला नाही. ताडव्याचे फळ खाऊन बाबूरावांच्या अंगी दैवी शक्ती आली, फाशीचा दोर वारंवार तुटला, अशा आख्यायिका आजही सांगितल्या जातात. १२ मार्च २००९ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. चंद्रपुरात दर २१ ऑक्टोबरला त्यांना आदरांजली वाहिली जाते. मोलमपल्लीच्या जमीनदाराचे नाव पाठ्यपुस्तकांत क्वचित आले. अरण्यातील माणसांनी ते दीडशेहून अधिक वर्षे मुखोद्गत ठेवले.