मुलांचे बूट पुसणारे कुलगुरू : डॉ. झाकीर हुसेन

दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियातला हा किस्सा अनेकांनी सांगितला आहे. शाळेत येताना कपडे नीट असावेत, बुटांना पॉलिश असावं, असं मुलांना वारंवार सांगून झालं होतं. मुलं काही ऐकेनात. मग एके दिवशी सकाळी फाटकापाशी एक माणूस ब्रश आणि पॉलिशची डबी घेऊन बसला. येणाऱ्या मुलाचा बूट मळका दिसला की तो पुसायला घ्यायचा. मुलांनी वाकून बघितलं तर ते खुद्द शैखुल जामिया, म्हणजे कुलगुरू डॉ. झाकीर हुसेन! मुलं एवढी ओशाळली की पुढे त्यांना बुटांबद्दल पुन्हा सांगावं लागलं नाही.

शाळेच्या कार्यक्रमात हा किस्सा ऐकून आपण टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. पण ओरडण्याऐवजी खाली बसायचं, ही सवय त्या माणसात आली कुठून?

झाकीर साहेबांचा जन्म 8 फेब्रुवारी 1897 रोजी हैदराबादेत झाला. घराणं मूळ उत्तर प्रदेशातल्या कायमगंजच्या पठाणांचं. वडील फिदा हुसेन खान नावाजलेले वकील होते. झाकीर दहा वर्षांचे असताना 1907 मध्ये त्यांचा इंतकाल झाला आणि कुटुंब कायमगंजला परतलं. 1911 मध्ये प्लेगच्या साथीत आईसुद्धा गेली. चौदाव्या वर्षी आई-वडील दोघांचं छत्र गेलं. यतीम मुलगा म्हणजे बिघडणारच, असं आपल्या मोहल्ल्यांत किती सहज बोललं जातं!

या मुलाला सावरलं ते इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलच्या वसतिगृहाने. हेडमास्तर सय्यद अल्ताफ हुसेन शिस्तीचे कडक. नमाज, साधं जेवण, साधे कपडे, वेळेवर अभ्यास, सगळं ठरलेलं. याच वयात हसन शाह नावाच्या एका सूफी बुजुर्गांची सोबत मिळाली. त्यांना किताबांचा भारी शौक. झाकीर त्यांच्यासाठी किताबांच्या नकला हाताने उतरवून द्यायचे. पानामागून पान, शुद्ध आणि सुंदर अक्षरात. अक्षर वळणदार झालं ते झालंच, पण कंटाळवाणं कामसुद्धा मन लावून करायची सवय लागली. मला वाटतं, त्यांच्या तालीमीचा खरा पाया इथेच पडला.

पुढे अलीगढ. 29 ऑक्टोबर 1920 रोजी असहकाराच्या काळात इंग्रज सरकारच्या मदतीशिवाय चालणारी जामिया तिथेच सुरू झाली. सुरू करणाऱ्या तरुणांमध्ये 23 वर्षांचे झाकीर हुसेन होते. नंतर ते जर्मनीला गेले, बर्लिनमधून अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. तिथल्या कावियानी छापखान्यात गालिबचा दीवान छापून घेताना अक्षरांचे खिळे जुळवायलाही ते स्वतः बसले. हाताच्या कामाची लाज त्यांना कधी वाटलीच नाही.

इकडे जामियाची हालत वाईट झाली होती. खिलाफत चळवळ थंडावली, तिकडून येणारी मदत थांबली, जामिया बंद करावी असं बोललं जाऊ लागलं. झाकीर साहेब आणि त्यांचे दोस्त आबिद हुसेन व मोहम्मद मुजीब यांनी परदेशातच ठरवलं की आपण परत जाऊन जामियाच चालवायची. 1926 मध्ये, वयाच्या 29 व्या वर्षी, त्यांनी ती जबाबदारी घेतली. जर्मनीची डॉक्टरेट असलेल्या माणसाला मोठ्या पगाराची नोकरी कुठेही मिळाली असती. 1928 मध्ये जामियाच्या शिक्षकांनी शपथ घेतली: 20 वर्षं इथेच सेवा करू आणि महिना 150 रुपयांपेक्षा जास्त घेणार नाही. तेवढेही नेहमी मिळत नसत. घर चालवणाऱ्या बायकांनी ते दिवस कसे काढले असतील, हे मात्र कोणी फारसं लिहीत नाही.

एक प्रसंग सांगताना आजही गळा दाटतो. शाळेत मुलांना मिठाई वाटण्याचं काम झाकीर साहेब करत होते. शिपायाने येऊन कानात सांगितलं की त्यांची लहान मुलगी वारली. त्यांनी वाटप थांबवलं नाही. सगळ्यांना मिठाई दिली आणि मगच घरी गेले. मुलं इतकी खूश होती, त्यांचा आनंद मोडवेना, असं कारण त्यांनी नंतर दिलं. बाप म्हणून हे बरोबर होतं का, यावर घराघरात वेगवेगळं मत पडेल. मलाही ते सहज पटत नाही.

आपल्या महाराष्ट्राशी त्यांचं नातं वर्ध्यामुळे जुळलं. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींनी तिथे शिक्षण परिषद घेतली. सात वर्षांचं मोफत शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या हस्तकलेच्या आधाराने, अशी ती कल्पना. आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाकीर साहेब होते. पण त्यांनी मान डोलावून सगळं कबूल केलं नाही. मुलांच्या मेहनतीतून शाळेचा खर्च काढायचा म्हटलं तर उस्ताद मुलांना मजुरासारखे राबवतील, हा धोका त्यांनी गांधीजींसमोरच मांडला. काम मुलाला घडवण्यासाठी आहे, कमाईसाठी नाही, हा फरक त्यांना पक्का ठाऊक होता. अदब म्हणजे गप्प बसणं नव्हे, हेही त्यांच्याकडून शिकावं.

नंतरची पदं सर्वांना माहीत आहेत. 1948 पासून अलीगढचे कुलगुरू, 1957 पासून बिहारचे राज्यपाल, 1962 मध्ये उपराष्ट्रपती, 1963 मध्ये भारतरत्न आणि 13 मे 1967 रोजी देशाचे पहिले मुस्लिम राष्ट्रपती. राष्ट्रपती भवनातही गुलाबांची निगा हा त्यांचा लाडका छंद राहिला. 3 मे 1969 रोजी, पदावर असतानाच, त्यांचा इंतकाल झाला. दफन जामियाच्या आवारात झालं.