मन्सा मुसाचे सोने कोठून आले?

रमजानमध्ये दानशूर राजांची चर्चा निघाली, की पश्चिम आफ्रिकेतील माली साम्राज्याच्या मन्सा मुसाचे नाव हमखास येते. १३२४ मध्ये हजला जाताना त्याने कैरोत इतके सोने वाटले, की तेथे सोन्याचा भाव उतरला. दमास्कसचा लेखक अल्-उमरी याच्या नोंदीप्रमाणे, बारा वर्षांनंतरही तो सावरला नव्हता. परतताना खुद्द मुसालाच कैरोच्या व्यापाऱ्यांकडून कर्ज घ्यावे लागले.

हे सोने बांबुक आणि बुरे या मुलखांतले. सेनेगल आणि नायजर नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत लोक हाताने विहिरीसारखे अरुंद खड्डे खणत, माती वर काढत आणि ती पाण्यात धुऊन सोन्याचे कण वेचत. सहारातील तघाझाचे मीठ सोन्याच्या मोबदल्यात दक्षिणेकडे येई.

सोने काढणारे हे लोक मुस्लिम नव्हते. त्यांच्या मुलखात इस्लामचा प्रसार केला, की सोने घटते, असा मालीच्या राजांचा अनुभव अल्-उमरीने नोंदवला आहे. म्हणून राजांनी त्यांना त्यांच्या श्रद्धेवर सोडले आणि खंडणीवर समाधान मानले. यात व्यवहार होता. तरी जबरदस्ती टळली.

मुसाने तिंबुक्तूत बांधलेली जिंगरेबेर मशीद आजही उभी आहे. १३७५ च्या कॅटलान नकाशात तो हाती सोन्याचा गोळा घेऊन बसला आहे. ते सोने जमिनीतून काढणाऱ्या एकाचेही नाव मात्र इतिहासाने राखले नाही. मुसाच्या दानात त्यांच्या घामाचाही वाटा होता.