उषा मेहता

उषा मेहता (जन्म : २५ मार्च १९२०, सरस, सुरत जिल्हा, मृत्यू : ११ ऑगस्ट २०००) या भारतीय स्वातंत्र्यसैनिक व गांधीवादी विचारवंत होत्या. १९४२ च्या भूमिगत ‘काँग्रेस रेडिओ’च्या संचालनासाठी त्या ओळखल्या जातात.

काँग्रेस रेडिओ

दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हौशी रेडिओचालकांचे परवाने रद्द केले. त्यामुळे खासगी प्रक्षेपक बाळगणे हाच गुन्हा ठरला. ‘छोडो भारत’ आंदोलनात नेते तुरुंगात गेल्यावर मेहता यांनी कायद्याचे शिक्षण सोडले आणि सहकाऱ्यांसह मुंबईत गुप्त केंद्र उभारले. नरिमन प्रिंटर यांनी प्रक्षेपक जुळवला, तर शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांनी सामग्री पुरवली. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर प्रसारण सुरू झाले. लहरींची दिशा शोधणाऱ्या पोलिसांना चुकवण्यासाठी प्रक्षेपक वारंवार हलवून नव्या जागी पुन्हा जोडावा लागे. वृत्तपत्रांवर निर्बंध असताना आष्टी व चिमूर येथील अत्याचारांची माहिती या केंद्राने दिली.

अटक व उत्तरायुष्य

तंत्रज्ञाकडून पोलिसांना ठावठिकाणा कळला व १२ नोव्हेंबर १९४२ रोजी प्रसारण चालू असतानाच मेहता यांना अटक झाली. अनेक महिन्यांच्या चौकशीत त्यांनी मौन सोडले नाही. चार वर्षांची शिक्षा होऊन त्या येरवडा कारागृहात होत्या. मार्च १९४६ मध्ये त्यांची सुटका झाली. पुढे त्यांनी गांधीविचारावर पीएच.डी. मिळवली व मुंबईत राज्यशास्त्राचे अध्यापन केले. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण प्रदान करण्यात आला.