पक्षाने टाकलेला पंतप्रधान

शाळेत 'जातीय निवाडा' यावर टीप लिहायला यायची. त्यातलं रॅम्से मॅकडोनाल्ड हे नाव मी पाठ केलं आणि पेपर संपल्यावर विसरून गेलो. पुढे त्यांचं चरित्र वाचलं, तेव्हा समजलं की हा माणूस चार मार्कांच्या टिपेत मावणारा नव्हे.

जन्म १८६६ चा, स्कॉटलंडमधल्या लॉसीमाउथ या कोळ्यांच्या गावातला. आई-वडिलांचं लग्न झालेलं नव्हतं, आई मोलमजुरी करायची. अशा घरातला हा मुलगा मजूर पक्ष उभारणाऱ्यांत होता. पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून नेतेपद गेलं, १९१८ ला निवडणूकही हरले. पण १९२४ मध्ये हेच गृहस्थ ब्रिटनचे पहिले मजूर पंतप्रधान झाले! १९२९ मध्ये पुन्हा.

मग आलं १९३१. बेकार पंचवीस लाखांच्या वर, आणि पौंड डळमळीत. तो वाचवायचा तर बेकारभत्त्यात दहा टक्के कपात करा, असा आग्रह. मंत्रिमंडळात ११ विरुद्ध ९ अशी फूट पडली. मॅकडोनाल्ड राजीनामा द्यायला गेले, तर राजे पाचवे जॉर्ज यांनी त्यांनाच सर्वपक्षीय सरकार चालवायला सांगितलं. ते राहिले. पक्षाने त्यांना हाकलून दिलं.

सोबतच्या मूठभर लोकांचा 'नॅशनल लेबर' हा पक्ष झाला. ऑक्टोबरच्या निवडणुकीत त्याला १३ जागा मिळाल्या, मूळ मजूर पक्ष ५२ वर घसरला. खुर्ची मॅकडोनाल्डांची, पण बहुमत हुजूर पक्षाचं! आणि गंमत अशी, की ज्या पौंडासाठी हे सगळं केलं, त्याचा सोन्याशी असलेला संबंध सप्टेंबरातच तुटला होता.

याच काळात, ऑगस्ट १९३२ मध्ये, त्यांनी जातीय निवाडा दिला. त्यातल्या दलितांच्या स्वतंत्र मतदारसंघांवरून गांधीजींचं येरवड्यातलं उपोषण झालं आणि २४ सप्टेंबरला पुणे करार.

१९३५ मध्ये सीहॅमच्या खाणकामगारांनी त्यांना पाडलं. १९३७ मध्ये बोटीवर, भर समुद्रात ते वारले. त्यांचा पक्षही १९४५ मध्ये विसर्जित झाला.

मित्रहो, लोक त्यांना गद्दार म्हणाले. मला तसं वाटत नाही. पण ज्यांच्या ताटातला घास कमी होणार होता, त्यांना विश्वासात न घेता ते पुढे गेले. हेतू चांगला असूनही माणूस एकटा पडतो, तो इथेच.