रोमच्या पाण्याचा ताळा

इ.स. ९६ च्या सप्टेंबरात रोमचा सम्राट डोमिशियन याचा राजवाड्यातच खून झाला आणि नर्व्हा हा वयस्क सिनेटर गादीवर आला. दुसऱ्याच वर्षी त्याने राजधानीच्या पाणीपुरवठ्याचे खाते सेक्स्टस ज्युलियस फ्रॉन्टिनस याच्याकडे सोपवले. फ्रॉन्टिनस तेव्हा साठीच्या आसपासचा होता. आपल्याकडे या वयात माणसाला शाल-नारळ देऊन घरी धाडतात. याच्या पदरात पडल्या नऊ जलवाहिन्या, सातशे कामगार आणि मुरलेला भ्रष्टाचार.

इंजिनिअर मंडळी त्याचे नाव आदराने घेतात. मी इंजिनिअर नव्हे. माझी उमेदीची वर्षे बँकेत जमाखर्चाचा ताळा जुळवण्यात गेली आणि त्यामुळेच असेल, हा माणूस मला आमच्या जातकुळीचा वाटतो. त्याने रोमसाठी नवा झरा शोधला नाही की नवी जलवाहिनी बांधली नाही. शहरात येत होते तेच पाणी त्याने मोजले, ते कुठे जाते ते पाहिले आणि जिथे जायला हवे तिथे वळवले. दोन हजार वर्षांपूर्वी एखाद्या राज्यकर्त्या वर्गातल्या माणसाला हे करावेसे वाटले, याचेच मला नवल वाटते.

आधीचे त्याचे आयुष्य मानमरातबाचे होते. इ.स. ७० च्या १ जानेवारीला दोन्ही कॉन्सल रोमबाहेर असल्यामुळे नगर-प्रेटर या नात्याने सिनेटची सभा यानेच बोलावली. थोड्याच दिवसांत त्याने ते पद सोडले आणि ती जागा सम्राटपुत्र डोमिशियनला मिळाली. हे नाव लक्षात ठेवावे, पुढे पुन्हा येणार आहे. नंतर तो कॉन्सल झाला, ब्रिटनचा सुभेदार झाला आणि आजच्या दक्षिण वेल्समधल्या सिल्युरेस टोळ्यांना त्याने नमवले. त्याच्यामागून तिथे गेलेल्या अग्रिकोलाची कीर्ती जास्त झाली. पण अग्रिकोलाचा जावई टॅसिटस हा इतिहासकार होता. सर्वांनाच असा जावई कुठून मिळणार?

युद्धातल्या युक्त्या-क्लृप्त्यांचे एक पुस्तकही त्याने लिहिले. त्यात नद्या वळवून आणि पाणी नासवून शत्रूला कसे जेरीस आणावे, यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. पाणी तोडायचे कसे याची उदाहरणे जमवणाऱ्या माणसावर उतारवयात पाणी पुरवण्याची पाळी आली.

रोमची पहिली जलवाहिनी इ.स. पूर्व ३१२ मधली. शेवटच्या दोन, क्लॉडिया आणि अ‍ॅनिओ नोव्हस, इ.स. ५२ मध्ये पुऱ्या झाल्या. चित्रांत आपण कमानींच्या उंच रांगा पाहतो, पण पाण्याचा बहुतेक प्रवास जमिनीखालून होई. मार्सिया ही जलवाहिनी सुमारे ९१ किलोमीटर लांब होती आणि त्यातला फार थोडा भाग कमानींवर होता. पंप नाही, इंजिन नाही. सारा खेळ उताराचा. शहराशी आल्यावर पाणी वाटपाच्या हौदांत पडे. असे २४७ हौद होते. तिथून शिशाच्या नळ्या निघत. गोरगरीब रस्त्यावरच्या कुंडांतून पाणी भरीत. अशी ५९१ कुंडे होती. घरात नळ हवा असेल तर सम्राटाची सनद लागे. ती सनद माणसाच्या नावाची असे, वारसाला किंवा घर विकत घेणाऱ्याला आपोआप मिळत नसे.

खात्याची सूत्रे हाती घेताच फ्रॉन्टिनसने जे केले ते प्रत्येक नव्या साहेबाने करावे असे आहे. हाताखालच्यांच्या सांगण्यावर चालणे त्याला कमीपणाचे वाटे. म्हणून तो स्वतः शिकायला बसला. जुने कायदे, ठराव, सनदा, मापे सगळे त्याने गोळा केले आणि त्याच टिपणांचे पुढे पुस्तक झाले. नव्या शाखेत बदली होऊन गेलेला मॅनेजर आणि तिथे वीस वर्षे ठाण मांडून बसलेला हेडक्लार्क यांची जोडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे मोल कळेल. फ्रॉन्टिनसने जलवाहिन्यांचे नकाशे काढवून घेतले. कुठे दरी आहे, कुठे नदी ओलांडावी लागते, कुठे डोंगराच्या कडेने जाणाऱ्या पाटाची सतत डागडुजी लागते, हे त्याला रोममध्ये बसून दिसू लागले. त्यावर न थांबता तो उगमापर्यंत फिरून आला.

मग त्याने दप्तर उघडले. रोममध्ये पाणी क्विनारिया या मापाने मोजत. रोमन फुटाचा सोळावा भाग म्हणजे एक बोट. सव्वा बोट व्यासाच्या नळीतून जाईल ते एक क्विनारिया पाणी. दप्तरात एकूण जमा होती १२,७५५ क्विनारिया. वाटप होते १४,०१८. म्हणजे जमेपेक्षा खर्च १,२६३ ने जास्त! बँकेत रोकड कमी भरली तर कॅशियर घाबरतो. जास्त भरली तर जाणता अधिकारी घाबरतो. फ्रॉन्टिनसही चक्रावला. त्याने उगमाशी जाऊन मोजमाप घेतले, तर दप्तरातल्या जमेपेक्षा सुमारे १०,००० क्विनारिया पाणी अधिक निघाले. एकट्या मार्सियाच्या नावावर २,१६२ ची नोंद होती आणि उगमाशी भरले ४,६९०.

एवढे पाणी जात कुठे होते? वाटेवरचे जमीनदार पाट फोडून शेते भिजवीत होते. शहरात रस्त्यांखालून चोरनळ्या गेलेल्या होत्या, आणि दुकाने, खानावळी, कुंटणखाने यांना पैसे मोजून पाणी मिळे. नळ फोडून देण्याचा धंदा इतका रुळला होता की, तो करणाऱ्या माणसाला बाजारात वेगळे नावच पडले होते. सनद एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेली की पाणीवाले हौदाला नवे भोक पाडीत आणि जुने तसेच राखून त्याचे पाणी परस्पर विकीत. मेलेल्या खातेदाराचे खाते बंद न करता चालवावे, तसाच हा प्रकार.

सगळ्यात हुशारीची चोरी मापात होती. नळ्यांचे पंचवीस प्रमाण आकार ठरलेले होते. त्यांतले चार पाणीवाल्यांनी गुपचूप बदलले होते. ज्या मापाने गिऱ्हाइकाला पाणी देत ते वीस नंबरचे माप लहान केलेले. ज्या शंभर आणि एकशेवीस नंबरच्या नळ्यांनी स्वतः पाणी घेत, त्या मोठ्या केलेल्या. घेताना एक माप, देताना दुसरे! वाण्याच्या दुकानातली ही विद्या किती जुनी आहे पाहा.

यावरचा इलाज तोटीत होता. हौदाच्या भिंतीत बसवायची तोटी ब्राँझची असावी, कारण शिसे मऊ, हवे तसे फाकवता येते. ती निदान बारा बोटे लांब असावी, तिच्यावर सरकारी शिक्का असावा आणि तिच्यापुढे पन्नास फुटांपर्यंत नळीचा व्यास तोच असावा. सगळ्या तोट्या एका पातळीत असाव्यात. खाली बसवलेली तोटी जास्त ओढते आणि प्रवाहाकडे तोंड केलेलीही जास्त ओढते. हे सगळे त्याने पारखून घेतले. शहरभरच्या चोरनळ्या उपटल्यावर शिशाचा मोठा साठा निघाला.

कामगारांचीही शिस्त लागली. अ‍ॅग्रिपाच्या वेळचे २४० आणि सम्राट क्लॉडियसने नेमलेले ४६०, असे हे सातशे जण. बड्या लोकांच्या वशिल्याने त्यांना खासगी कामांवर पाठवले जाई. आता उद्या कोणी काय करायचे ते आदल्या दिवशी ठरू लागले आणि दिवसाचे काम वहीत लिहिले जाऊ लागले. हे कामगार गुलाम होते, हे विसरता कामा नये. लाच ते घेत होते खरे, पण लाच देणारे हात मोठ्या घरांचे होते. फ्रॉन्टिनस पाणीवाल्यांवर जेवढा तुटून पडतो, तेवढा या घरांवर पडत नाही. अपराध्यांची नावे उघड होऊ नयेत अशी काळजी त्याने घेतली आणि जे शरण आले त्यांना सम्राटाकडून माफी मिळू दिली. सिनेटरांचे हितसंबंध सिनेटरच सांभाळणार, असे मला त्यात दिसते. कोणी त्याला व्यवहारीपणा म्हणेल. पाणी परत आले, हे मात्र खरे.

पाण्याच्या सनदांपोटी वर्षाला अडीच लाख सेस्टर्स जमा होत. ती रक्कम डोमिशियनच्या खासगी तिजोरीत जात होती. नर्व्हाने ती जनतेच्या खात्यात परत केली.

मला सर्वात भावतो तो त्याचा रोजचा कारभार. पूर्वी मार्सियाचे थंडगार, निर्मळ पाणी हमामखान्यांत आणि कपडे धुणाऱ्यांच्या कुंड्यांत खर्ची पडे. फ्रॉन्टिनसच्या काळात जलवाहिन्या वेगळ्या झाल्या. मार्सियाचे पाणी पिण्यासाठी राहिले आणि अ‍ॅनिओ व्हेटसचे गढूळ पाणी बागांना व हलक्या कामांना गेले. अ‍ॅनिओ नोव्हस पाऊस पडला की गढूळ होई. तिचे पाणी नदीतून न घेता सुबियाकोजवळ नीरोच्या प्रासादावरच्या तलावातून, म्हणजे गाळ खाली बसल्यावर घ्यायचे ठरले. बहुतेक कुंडांना दोन वेगवेगळ्या जलवाहिन्यांच्या दोन तोट्या दिल्या. एक बंद पडली तरी बाईची घागर रिकामी राहू नये म्हणून. दुरुस्ती एप्रिल ते ऑक्टोबर, तीही कडक उन्हाळा टाळून, कारण चुन्याला ना फार ऊन मानवते ना थंडी. एका वेळी एकच जलवाहिनी बंद. सामान आधी जागेवर नेऊन ठेवायचे. शहरालगतच्या कमानींवर पाट दुरुस्त करताना शिशाच्या पन्हाळीने पाणी बाजूने पुढे न्यायचे.

त्याच्या हिशेबात एक उणीव होती. क्विनारिया हे नळीच्या तोंडाचे माप. पाण्याच्या वेगाचा त्यात विचार नाही. उंचावरून जोरात येणारे पाणी मापापेक्षा जास्त भरते हे त्याच्या ध्यानात आले होते, पण त्याला आकड्यात कसे बसवावे ते कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून त्या १०,००० क्विनारियांतली काही तूट चोरीची नसून मोजमापाचीच असणार, असे नंतरच्या अभ्यासकांना वाटते. वेग आणि छेद यांचा गुणाकार नीट मांडला तो बेनेदेत्तो कास्तेल्लीने १६२८ मध्ये, त्याच रोममध्ये.

नर्व्हानंतर ट्राजन आला. फ्रॉन्टिनस ९८ मध्ये आणि १०० मध्ये पुन्हा कॉन्सल झाला, दोन्ही वेळा सम्राटाचा जोडीदार म्हणून. १०३ च्या सुमारास तो वारला. आपल्यामागे स्मारक बांधू नये, तो वायफळ खर्च आहे, असे तो बजावून गेला होता. ही हकीकत आपल्याला कळते ती धाकट्या प्लिनीच्या पत्रांतून. फ्रॉन्टिनसचे शुभाशुभ पाहणाऱ्या पुरोहिताचे पद पुढे प्लिनीलाच मिळाले. ट्राजनने नवी जलवाहिनी १०९ मध्ये सुरू केली. ती पाहायला तो नव्हता.

त्याचे पाण्यावरचे पुस्तक मध्ययुगात जवळजवळ विस्मृतीत गेले. पोज्जो ब्राच्चोलिनी या ग्रंथवेड्या माणसाला १४२९ मध्ये मोंटे कासिनोच्या मठात त्याचे हस्तलिखित सापडले. १८९७ मध्ये क्लेमेन्स हर्शेल नावाचा अमेरिकन जलअभियंता खास त्यासाठी तिथे गेला. वाहत्या नळातले पाणी मोजणारे व्हेंचुरी मीटर बनवणारा हाच हर्शेल. त्याने पानन् पानाचे फोटो काढवून घेतले आणि दोन वर्षांनी इंग्रजी भाषांतरासह ते छापले.