स्वांटे अऱ्हेनियस

पुण्याहून लोहमार्गाने मुंबईकडे निघाले की थोड्याच वेळात पिंपरी हे स्थानक लागते. येथे भारत सरकारने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन केला आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. हे औषध जितके गुणकारी तितकेच नाजूक. बुरशी वाढवलेल्या द्रवातून पेनिसिलिन वेगळे काढावयाचे, तर त्या द्रवात आम्ल मिसळावे लागते. आणि आम्लात तर पेनिसिलिनचा फार लवकर नाश होतो! म्हणून तो द्रव आधी बर्फासारखा थंड करतात आणि आम्ल घातल्याबरोबर, वेळ न दवडता, औषध दुसऱ्या द्रवात ओढून घेतात. थंडाव्यामुळे नाशाची क्रिया मंदावते आणि तेवढ्या सवडीत काम उरकते. उष्णतेने रासायनिक विक्रिया किती वेगाने होईल व थंडीने किती मंदावेल, याचे गणित ज्यांच्या नावाने जगभर ओळखले जाते, ते स्वांटे अऱ्हेनियस हे स्वीडन देशाचे रसायनशास्त्रज्ञ होत.

त्यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी उप्साला या विद्यापीठाच्या गावाजवळ झाला. त्यांचे वडील जमिनीची मोजणी करीत व जमीनजुमल्याची व्यवस्था पाहत. छोटा स्वांटे तिसऱ्या वर्षीच कोणी न शिकवता वाचू लागला आणि वडिलांच्या हिशेबाच्या वह्या पाहता पाहता बेरजा करू लागला. आकड्यांची ही गोडी त्यांना जन्मभर पुरली. शालेय शिक्षण संपवून ते उप्सालाच्या विद्यापीठात दाखल झाले. परंतु तेथील अध्यापनाने त्यांचे समाधान होईना. अखेर १८८१ साली ते राजधानी स्टॉकहोम येथे एडलुंड या पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाकडे गेले आणि क्षारांच्या पाण्यातून वीज कशी वाहते, याचा शोध घेऊ लागले.

शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, कोरड्या मिठातूनही वाहत नाही. मात्र मीठ पाण्यात विरघळले की ती सहज वाहते. असे का व्हावे? या प्रश्नाच्या मागे लागून अऱ्हेनियस अशा निष्कर्षाकडे वळले की, पाण्यात विरघळताना मिठाच्या कणांची आपोआप फाळणी होते आणि विद्युत्‌भार असलेले निरनिराळे कण मोकळे होतात. आज हे शाळेतील मुलालाही ठाऊक असते. त्या काळी मात्र ती कल्पना वेडगळ वाटली. पाण्यात पडताच पेट घेणारे सोडियम आणि विषारी क्लोरीन एका पेल्यात सुखाने कसे नांदतील, असा विरोधकांचा आक्षेप होता. भारित कण व साधा अणू यांच्या गुणांत जमीन-अस्मानाचे अंतर असते, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

१८८४ साली त्यांनी उप्सालाच्या विद्यापीठाला आपला प्रबंध सादर केला. परीक्षकांनी त्याला अगदी खालची श्रेणी दिली. तोंडी समर्थनाला तिच्याहून थोडी बरी श्रेणी मिळाली, इतकेच. पदवी हाती आली. परंतु अशा श्रेणीच्या जोरावर विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळण्याची आशा उरली नाही. पंचविशीच्या तरुणाला ही निराशा सोसणे सोपे नव्हते. तथापि, रुसून बसण्यापेक्षा त्यांनी आपल्या प्रबंधाच्या प्रती परदेशांतील नामवंत शास्त्रज्ञांकडे धाडल्या. त्यांपैकी रीगा येथील ओस्टवाल्ड यांना त्या पानांचे मोल कळले. ते स्वतः प्रवास करून उप्सालास आले आणि त्यांनी या अपरिचित तरुणाला आपल्याकडे काम देऊ केले. त्या वेळी वडील अत्यवस्थ असल्यामुळे अऱ्हेनियस यांनी घर सोडले नाही. पण एवढा मोठा पाहुणा ज्याच्यासाठी आला, त्याची उपेक्षा करणे विद्यापीठाला जड गेले आणि त्यांची अध्यापक म्हणून नेमणूक झाली. पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी रीगा, वुर्झबुर्ग, ग्रात्स आणि ॲम्स्टरडॅम येथे मोठमोठ्या संशोधकांच्या सहवासात काम केले. १८८७ साली त्यांनी आपली उपपत्ती पूर्ण स्वरूपात मांडली.

आम्लाच्या पाण्यात उसाची साखर टाकली, तर तिचे हळूहळू विघटन होऊन दोन निराळ्या शर्करा तयार होतात. अऱ्हेनियस यांनी १८८९ साली या विक्रियेच्या वेगाचा विचार केला. उष्णता एका अंशाने वाढली की हा वेग शेकडा सुमारे बाराने वाढतो. आता द्रवातील रेणू सतत धावत असतात, परस्परांवर आदळत असतात आणि उष्णतेने त्यांची धाव वाढते, हे खरे. पण ती किती वाढते? हिशेब केला तर एका अंशाला शेकडा एकाचा जेमतेम सहावा भाग! तेव्हा केवळ टकरी वाढल्या म्हणून विक्रियेला एवढा वेग येणे शक्य नव्हते.

यावरून त्यांनी असे अनुमान काढले की, सर्वच रेणू विक्रियेस पात्र नसतात. खंडाळ्याच्या घाटाच्या पायथ्याशी गाड्या पुष्कळ जमाव्यात, पण ज्यांच्या बैलांत बळ आहे तेवढ्याच वर चढाव्यात, तसे हे आहे. अंगी पुरेशी ऊर्जा असलेले रेणू फार थोडे असतात. मात्र उष्णता किंचित वाढली, की या थोड्यांची संख्या झपाट्याने वाढते. व्हांट हॉफ यांनी आधी मांडलेल्या सूत्राला त्यांनी हा अर्थ दिला. पुढे १९१६ साली जर्मनीत ट्राउट्स यांनी आणि १९१८ साली इंग्लंडमध्ये लुईस यांनी, महायुद्धामुळे एकमेकांच्या कामाची वार्ता नसताना, रेणूंच्या टकरींचे गणित या कल्पनेशी जोडले. टक्कर पुरेशा जोराची हवी, तशीच ती योग्य बाजूनेही व्हावयास हवी, हेही मागाहून स्पष्ट झाले. द्रावण दाट असले तर टकरी अधिक; पदार्थाची भुकटी केली तर आदळण्यास जागा अधिक. उत्प्रेरकाचे काम याहून वेगळे. तो जणू घाटाला पर्यायी सखल वाटच काढून देतो. चाकणला तयार होणाऱ्या मोटारींच्या धुराड्यात प्लॅटिनमसारख्या धातूंचा पातळ लेप असतो, तो विषारी वायूंना अशीच वाट देतो.

१९०३ साली अऱ्हेनियस यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिलेच स्वीडिश गृहस्थ होत. ज्या उपपत्तीच्या प्रबंधाने त्यांना खालची श्रेणी मिळवून दिली, तिच्याबद्दलच हा गौरव होता! त्यांचे मन मात्र सदैव तितकेच उदार राहिले असे म्हणता येत नाही. रशियाचे मेंडेलेयेव्ह हे त्यांच्या उपपत्तीचे टीकाकार होते. त्यांना नोबेल मिळू नये म्हणून अऱ्हेनियस यांनी आपले वजन खर्च केले, असे इतिहासकार मानतात. मोठ्या माणसाच्या चरित्रातील ही बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही.

हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वाढल्यास पृथ्वी किती तापेल, याचा हिशेबही त्यांनी १८९६ साली, हाताने आकडेमोड करून प्रसिद्ध केला होता. थंड देशात राहणाऱ्या या शास्त्रज्ञाला ती ऊब हितकारकच वाटली.

१९०५ पासून ते स्टॉकहोम येथील नोबेल संस्थेच्या भौतिक रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे संचालक होते. २ ऑक्टोबर १९२७ रोजी त्यांचे निधन झाले व उप्साला येथे त्यांचे दफन करण्यात आले. त्यानंतर वर्षभरातच, १९२८ च्या सप्टेंबरात, लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत पेनिसिलिनची बुरशी उगवली.